शिकलेले समाधान : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एका सूत्राचा विचार

मराठी भाषेत 'समाधान' हा शब्द दोन प्रकारची कामे करीत आला आहे. पोटभर जेवण झाले, मुलाबाळांचे बरे चालले, हाती घेतलेले काम तडीस गेले, म्हणजे समाधान वाटते. आणि मनातील शंकेला उत्तर मिळाले म्हणजेही समाधान होते. पहिल्या अर्थी तो तृप्तीचा वाचक आहे, दुसऱ्या अर्थी निरसनाचा. व्युत्पत्तीने पाहता विखुरलेले एकत्र आणून नीट ठेवणे हा त्याचा मूळ अर्थ असून 'समाधी' हा शब्द त्याच कुळातला आहे. साधकाच्या अंगी असावयास हवी अशी जी सहा प्रकारची संपत्ती वेदान्ताने सांगितली आहे, तीत श्रद्धा आणि समाधान ही शेजारी शेजारी येतात. तेथे समाधान म्हणजे चित्ताची स्थिरता. वारकरी संतांनी हाच शब्द मठातून आणि ग्रंथांतून उचलून संसारात आणला. सन १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात ज्यांची पत्नी आणि मुलगा गेला, त्या तुकोबांच्या तोंडी समाधानाची भाषा येते तेव्हा ती सुखवस्तू माणसाची भाषा राहत नाही.

असा भरलेला शब्द ख्रिस्ती झालेल्या मराठी लेखकांच्या हाती आला, तेव्हा त्यात नवे काय पडले, हा प्रश्न मराठी टीकेने म्हणावा तितक्या गांभीर्याने विचारलेला नाही. ख्रिस्ती वाङ्मयातील समाधान म्हणजे धर्मांतर केलेल्याने दिलेली ग्वाही, असे समजून पुष्कळदा तो विषय सोडून दिला जातो. वस्तुतः या लेखकांपैकी जे श्रेष्ठ आहेत त्यांच्या लेखनात समाधान असे एकदम हाती आलेले दिसत नाही. ते शिकावे लागले, आणि बरेच उशिरा, बरेच मोल देऊन शिकावे लागले. हा धडा कसा होता, हे पाहावयाचे तर प्रथम त्याच्या मूळ स्थानाकडे जाणे इष्ट आहे.

ते स्थान म्हणजे फिलिप्पै येथील मंडळीला पौलाने लिहिलेले पत्र. पौल त्या वेळी बंदिवासात होता. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर त्याला काही मदत पाठविली होती. ती पोचल्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करणे हे या पत्राचे एक निमित्त आहे. हे निमित्त ध्यानात घेतले म्हणजे त्यातील समाधानाच्या उद्गाराला निराळीच धार येते. पौल मदत घेतो, ती पाठविणाऱ्यांचे प्रेम मानतो, आणि त्याच श्वासात सांगतो की आपल्याला विपन्नता आणि विपुलता दोन्ही ठाऊक आहेत. कोणत्याही स्थितीत संतुष्ट असावे हे आपण शिकलो आहो. घेणारा मिंधा होत नाही आणि देणारा दुखावला जात नाही, असा हा अवघड तोल आहे.

येथे दोन ग्रीक शब्दांकडे लक्ष दिले पाहिजे. पहिला शब्द 'औतार्केस'. स्वतःला स्वतः पुरेसा असणारा, असा त्याचा अर्थ. हा स्टोइक तत्त्वज्ञांचा आवडता शब्द होता. पौलाचा समकालीन असलेला रोमन तत्त्वज्ञ सेनेका याच परंपरेतला. स्टोइकांचा ज्ञानी पुरुष बाह्य परिस्थितीला मनात शिरू देत नाही. त्याचे सुख त्याच्या स्वतःच्या विवेकात असते. पौल हा शब्द घेतो खरा, परंतु लगेच त्याचा पायाच बदलून टाकतो. ज्या बळावर तो सर्व सोसू शकतो ते त्याचे स्वतःचे नसून ख्रिस्ताने त्याला दिलेले आहे, असे तो म्हणतो. म्हणजे स्वयंपूर्णतेच्या शब्दात त्याने परावलंबनाचा अर्थ भरला. दुसरा शब्द त्याहून लक्षणीय आहे. भरल्या पोटाने आणि उपाशी पोटाने कसे राहावे, हे 'कळले' असे सांगताना पौल जे क्रियापद वापरतो ते गूढ उपासनापंथांतील दीक्षेचे क्रियापद आहे. मराठी वाचकाला हा अर्थ समजावून घेण्यास अडचण पडू नये. 'अनुग्रह' हा शब्द त्याच्या कानावर लहानपणापासून आहे. फरक इतकाच, की येथे दीक्षा देणारे स्थान मंदिर नाही. भूक आणि तुरुंग हेच येथील दीक्षेचे स्थान.

आणखी एक गोष्ट. ख्रिस्ती शास्त्र तक्रारीला मज्जाव करीत नाही. स्तोत्रसंहितेचा मोठा भाग विलापाने भरलेला आहे. ईयोब तर देवाला जाब विचारतो. ख्रिस्त स्वतः वधस्तंभावर आपल्याला का टाकून दिले असे विचारतो. तेव्हा ख्रिस्ती समाधान म्हणजे दुःखाविषयी मौन, हा समज मूळ ग्रंथांनीच खोटा ठरविला आहे. विठ्ठलाशी भांडणाऱ्या संतांच्या भूमीत ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नव्हते.

मराठीत ख्रिस्ती कथा सविस्तर सांगण्याचा पहिला मोठा प्रयत्न फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'त झाला. सन १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने ओवीचा छंद आणि पुराणाची घडण स्वीकारून रचलेला हा ग्रंथ १६१६ मध्ये प्रथम छापला गेला. परंतु त्यात कथन आणि बोध यांचे प्राधान्य आहे. एका माणसाच्या आयुष्यात श्रद्धेने काय केले, हे सांगण्याची ती जागा नव्हे. त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत थांबावे लागले.

त्या काळात पंडिता रमाबाईंचे उदाहरण डोळ्यांपुढे येते. १८७४ च्या सुमारास दुष्काळी भटकंतीत आईवडील गेले, मागोमाग बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती गेला. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळावयास आपल्याला पुढे कित्येक वर्षे लागली, अशी त्यांचीच कबुली आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत अन्नान्न झालेल्या स्त्रिया आणि मुली त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या, त्या वेळी त्यांच्या स्वतःच्या बालपणीची भूक त्यांना विसरता आलेली नव्हती. पुढे त्यांनी संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणण्याचे काम अंगावर घेतले. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमाबाई वारली. तरी ते काम थांबले नाही. ते तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रमाबाईंचे समाधान हे असे करारी, व्रतस्थ आणि कामाला जुंपलेले समाधान आहे. त्यापुढे वाचक नम्र होतो. परंतु ते आपल्या घरात येऊन बसेल असे त्याला वाटत नाही.

घरात येऊन बसणारे समाधान लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त भेटते, आणि म्हणूनच प्रस्तुत विषयाचा खरा निकाल त्या ग्रंथात लागतो. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राची थोरवी मराठी रसिकांनी केव्हाच मान्य केली आहे. त्यातील विनोद, सरळ घरगुती भाषा आणि निर्व्याज प्रांजळपणा यांची वाखाणणीही पुष्कळ झाली आहे. मात्र हे सर्व गुण बाईंच्या स्वभावाच्या खात्यावर जमा करून त्यांची श्रद्धा निराळ्या खात्यावर मांडण्याची प्रथा पडली आहे. ती कितपत योग्य, हे पाहिले पाहिजे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळील जलालपूरचा. सत्तावनच्या बंडाच्या संबंधात त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांच्या मनात सोवळ्याचे वेड शिरले. बाजारातून येणारी वस्तू धुतल्यावाचून घरात येऊ नये, मुलांनी कोठे शिवू नये, असा जाच सुरू झाला. ग्रंथाच्या आरंभीच आलेली ही हकीकत वाचताना हसू येते. परंतु ती केवळ विक्षिप्तपणाची कथा नाही. भयाने ग्रासलेले मन धर्माचा आधार शोधते तेव्हा धर्मच भयाचे रूप घेतो, याचे ते चित्र आहे. पुढे बाई ज्या समाधानाप्रत पोचल्या त्याचे नेमके उलटे टोक लेखिकेने असे पहिल्याच पानांत उभे करून ठेवले आहे.

अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक थोर कवी, उदार आणि अत्यंत अस्थिर होते. हातात आलेला पैसा कोणालाही देऊन मोकळे व्हावे, न सांगता घरातून निघून जावे, आज येथे तर उद्या तेथे नोकरी धरावी, असा त्यांचा खाक्या. काही अपत्ये लहानपणीच दगावली. अशा संसारात १८९५ साल उजाडले. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने दिलेल्या नव्या कराराचे बीज टिळकांच्या मनात रुजले होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची स्वतःच्या वाटचालीविषयीची धारणा होती. त्यांच्या दृष्टीने तो पूल होता; पलीकडच्या काठावर राहिलेल्या पत्नीच्या दृष्टीने तो तुटलेलाच होता. नवरा हयात असून संसार नाही, सौभाग्य असून मान नाही, अशी तिची स्थिती झाली. लहान दत्तूला घेऊन काही वर्षे त्या आप्तांच्या आश्रयाने राहिल्या.

ही वर्षे 'स्मृतिचित्रे'तील सर्वांत दुःखाची आहेत, आणि त्यांचे वर्णन करताना बाईंनी आपला आक्रोश झाकलेला नाही. टिळकांच्या हट्टाविषयी, त्यांच्या विसरभोळेपणाविषयी, त्यांनी दिलेल्या त्रासाविषयी त्या मोकळेपणाने बोलतात. मात्र सर्व सांगून झाल्यावर वाचकाच्या मनात टिळकांविषयी चीड उरत नाही. तक्रार पूर्ण आहे आणि कडवटपणा मुळीच नाही, हा या ग्रंथातील चमत्कार आहे. केवळ विनोदी स्वभावाने हे साधत नाही. विनोदी माणसाच्या हाती पुष्कळदा सूड घेण्याचे ते उत्तम हत्यार असते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने अन्याय नेमका सांगावा आणि अन्याय करणाऱ्याला सोडून द्यावे, या वृत्तीला ख्रिस्ती परिभाषेत क्षमा म्हणतात. लक्ष्मीबाई तो शब्द मिरवीत नाहीत. त्यांची क्षमा त्यांच्या कथनाच्या स्वरात मुरलेली आहे.

परंतु हा स्वर त्यांना नवऱ्याकडून आयता मिळाला नाही. टिळकांकडे परतल्यावरही त्या हिंदूच राहिल्या. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे, सोवळेओवळे कडक. टिळकांनी सक्ती केली नाही. मग बाईंच्या स्वतःच्या मनात प्रश्न उठला, की हा शिवाशिवीचा भेद देवाने केला की माणसाने? या प्रश्नाचा त्यांनी आपल्या पद्धतीने, कोणाही पंडिताच्या मदतीवाचून विचार केला. भेद माणसाचा आहे असे एकदा ठरल्यावर तो पाळण्याचे कारण उरले नाही. आधी जात सुटली, मग बाप्तिस्मा झाला. तो १९०० मध्ये. हा क्रम महत्त्वाचा आहे. लेखाच्या आरंभी 'समाधान' शब्दाचे जे दोन अर्थ सांगितले, त्यांची सांगड या आयुष्यात प्रत्यक्ष पडलेली दिसते. प्रथम शंकेचे समाधान झाले. मनाचे समाधान त्यामागून आले. ज्या वडिलांना आयुष्यभर धुऊनही शुद्धतेची खात्री पटली नाही, त्यांच्या मुलीने धुणेच सोडून दिले आणि ती निश्चिंत झाली.

श्रद्धेतून येणारे समाधान माणसाला परिस्थितीपुढे मान तुकविण्यास शिकविते, असा एक जुना आक्षेप आहे आणि तो पुष्कळ ठिकाणी खराही असतो. उपाशी माणसाला संतोषाचा उपदेश करणारे धर्मोपदेशक सर्वच धर्मांत झाले. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत मात्र समाधानाची पहिली खूण एका नकारात आहे. जे सोसणे भाग होते, म्हणजे दारिद्र्य, वियोग आणि मृत्यू, ते त्यांनी सोसले. जे सोसण्याचे कारण नव्हते, ते मोडून टाकले. या दोहोंतील भेद ओळखणे हाच समाधानाच्या शिक्षणाचा सर्वांत कठीण भाग असावा. पौलाच्या बाबतीतही हेच दिसते. तुरुंग त्याने स्वीकारला, पण ज्या प्रचारामुळे तो तुरुंगात पडला तो त्याने थांबविला नाही.

बाप्तिस्म्यानंतर सुख आले असेही नाही. दुष्काळात पोरकी झालेली मुले, प्लेगच्या साथीतील शुश्रूषा, टिळकांचे न थांबणारे औदार्य आणि रिकामा डबा, असाच संसार पुढे चालला. नगरच्या घरात मुलासारखा वावरलेला बालकवी ठोंबरे मे १९१८ मध्ये रेल्वेखाली सापडून अकाली गेला; पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले. जाण्यापूर्वी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' या नव्या उद्योगाच्या मागे ते लागलेले होते; शेवटपर्यंत त्यांना स्वस्थता अशी ठाऊकच नव्हती. टिळकांच्या अभंगांत समाधानाची ओढ आहे, तहान आहे, आणि त्यातच त्यांच्या काव्याचे सौंदर्य आहे. प्राप्तीची शांती त्यांच्यापेक्षा त्यांच्या पत्नीच्या गद्यात अधिक आढळते. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' थोड्याच अध्यायांनंतर अपुरे राहिले होते. ज्या धर्मांतराने आपला संसार एकदा उधळला, त्याच धर्माच्या नायकाचे चरित्र पतीच्या मागे उरलेल्या या अल्पशिक्षित स्त्रीने ओव्यांत लिहून त्याचा फार मोठा भाग पुरा केला, ही गोष्ट कोणत्याही ग्वाहीपेक्षा बोलकी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. 'स्मृतिचित्रे'तील प्रसन्नता स्वभावाची की श्रद्धेची? ग्रंथाच्या दोन इंग्रजी भाषांतरांची नावे या बाबतीत विचारात घेण्यासारखी आहेत. १९५० मध्ये जोसेफिन इंक्स्टर यांनी केलेल्या भाषांतराला 'आय फॉलो आफ्टर' असे नाव दिले गेले. हे शब्द जुन्या इंग्रजी बायबलात पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आढळतात. आपण अजून पोचलेलो नाही, परंतु मागोमाग जात आहो, असा तेथील भाव. नवऱ्यामागून गेलेली पत्नी आणि ख्रिस्तामागून गेलेली भक्त असे दोन्ही अर्थ त्या नावात बसतात. २०१७ मध्ये शांता गोखले यांचे भाषांतर प्रसिद्ध झाले. त्याच्या उपशीर्षकात बाणेदार पत्नीच्या आठवणी असा आशय आहे. पहिल्या नावाने श्रद्धा पुढे केली, दुसऱ्याने स्वभाव. मराठी नाव मात्र दोन्हींविषयी मौन पाळते आणि केवळ आठवणींची चित्रे एवढेच सांगते.

हे मौनच बहुधा खरे उत्तर आहे. स्वभाव जन्मजात असतो असे मानले तरी त्याची वाढ कोणत्या दिशेने व्हावी हे जन्माने ठरत नाही. जलालपूरच्या घरात भयाने एका मनाची घडी विस्कटली. राहुरीच्या आणि नगरच्या घरांत श्रद्धेने दुसऱ्या मनाची घडी बसविली. मुळात विनोदबुद्धी होती, पण ती स्वतःला हसण्याइतकी निर्भय झाली ती पुढे. स्वतःचे अज्ञान, स्वतःचा हट्ट, स्वतःची फजिती बाई ज्या मोकळेपणाने सांगतात, तो मोकळेपणा आपली किंमत दुसऱ्या कोणी ठरवून ठेवली आहे आणि ती कमी होणार नाही, अशी खात्री असलेल्या माणसालाच परवडतो. पौलाने 'औतार्केस' या शब्दाचा पाया बदलला तो याच रीतीने. स्वतःकडे पुरेसे नाही हे कबूल केल्यावर तो निश्चिंत झाला.

भाषांतरकारापुढे खरी अडचण येते ती याच जागी. मराठी प्रदेशाबाहेरच्या वाचकाला लक्ष्मीबाईंचे प्रसंग देता येतात, विनोदही पुष्कळसा देता येतो. परंतु ज्या भाषेत देवाशी भांडण्याची सवय चारपाचशे वर्षांची आहे, जीत बायका जात्यावर दुःख गातात आणि दळणही पुरे करतात, त्या भाषेचा स्वर हा या समाधानाचा अर्धा भाग आहे. ख्रिस्ती श्रद्धेने बाईंना जो धडा दिला तो ओवीच्या वळणावर गिरवला गेला. म्हणून त्यात परके असे काही लागत नाही, आणि तरीही तो नवा आहे. जातीची भिंत त्याने पाडली, वेडे सोवळे संपविले, आणि उधळलेल्या संसाराची हकीकत कोणावरही डाग न ठेवता सांगण्याचे बळ एका साठी उलटलेल्या स्त्रीला दिले.

मराठी टीकेने या वाङ्मयाकडे पाहताना श्रद्धेला चरित्रातील एक तपशील मानून बाजूला ठेवण्याचे आता थांबवावे. लेखकाने श्रद्धेविषयी काय म्हटले याची नोंद करणे सोपे असते. त्या श्रद्धेने त्याच्या वाक्याला कोणता स्वर दिला हे ओळखणे अवघड, परंतु वाङ्मयाच्या अभ्यासाचे काम तेच आहे. 'स्मृतिचित्रे'त समाधान हा विषय म्हणून फारसा कोठे येत नाही. तो ज्या हाताने पाने लिहिली त्या हाताच्या स्थिरपणात आहे.